वोर्ताकला ऐकू येतं का

एफ्तिमी लुंगोच भित्रा होता. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण पुढे मी त्याला वाघ म्हणणार आहे, आणि तेव्हा तुम्ही म्हणाल, बाई वाहवत गेली. विजेचा भरवसा नाही म्हणून तो लिफ्टमध्ये पाय ठेवत नसे, आठ मजले चढून जाई. कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडी, आणि पलीकडेही कुत्रं असलं तर जागच्या जागी घामाघूम होई. दारावर टकटक झाली की आधी रेडिओ बंद करी, मग बायकोच्या तोंडाकडे बघे, मग कडी काढी. पाणीपट्टीवाला असला तरी त्याला बसायला खुर्ची देई. त्याची बायको आग्लाया म्हणायची, "माझ्या नवऱ्याला स्वतःची सावली आवडत नाही, फार जवळून चालते म्हणतो."

अर्थात त्या कम्युनिस्ट वर्षांत रुमानियातल्या आमच्या ब्रइला गावात न भिणारे लोक दोनच प्रकारचे होते. एक प्यायलेले, आणि दुसरे ज्यांना बाकीचे भीत ते. त्या दुसऱ्यांचं, म्हणजे गुप्त पोलिसांचं, नाव कुणी घेत नसे. 'निळ्या डोळ्यांची पोरं' म्हणायचं, मग डोळे कुठल्या का रंगाचे असेनात. मीही भीत होते. सरकारी दवाखान्यात मी कवळ्या बनवायची, तर साच्यात बसवलेल्या कवळीसमोरसुद्धा मी कधी राजकारण बोलले नाही. हे थट्टेने सांगतेय, पण तेव्हा हसू येत नसे.

एफ्तिमी चष्म्याच्या सरकारी दुकानात भिंगं घासायचा. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवताना 'माफ करा हं' म्हणायचा, जणू सुरीच लावतोय. वयाने आम्हा बहुतेकांपेक्षा मोठा, म्हणून आम्ही त्याला 'नेआ एफ्तिमी' म्हणायचो. आमच्याकडे वडीलधाऱ्याला नेआ लावतात. तर हा ससा दर गुरुवारी संध्याकाळी संस्कृतिभवनाच्या मागच्या खोलीत येऊन टेबलाशी बसला की त्याचा वाघ व्हायचा.

त्या खोलीत आमचं विज्ञानकथा मंडळ भरायचं. एका बाजूला बाहुल्यांच्या नाटकाचे पोशाख टांगलेले, मधे लोखंडी शेगडी, भिंतीवर तसबीर. कुणाची ते सांगायला नको, सगळीकडे तीच होती. आम्ही सातआठ डोकी ओव्हरकोट घालूनच बसायचो आणि भांडायचो. कशावरून? तर प्रमाण काय आणि अप्रमाण काय यावरून. कुठल्या कथाविश्वातला कोण कुणाला भारी पडेल यावरून. बाहेर साखर मिळत नव्हती आणि आत आम्ही दोन आकाशगंगांच्या बळाबळाचा हिशेब करत होतो. माझी आई म्हणायची, "पोटाला नाही आणि ताऱ्यांची पाटीलकी." तिला काय कळणार? आठवडाभर ज्याला हो म्हणायचं त्याला हो म्हणून झाल्यावर, जीव तोडून 'नाही!' म्हणायची तेवढी एकच जागा होती.

टेबलाचे नियम कडक होते. पुस्तकं मधोमध, मिटलेली. बोलायचं ते तोंडपाठ. अमुक गोष्ट अमुक पुस्तिकेत आहे असं म्हटलं की ते मानायचं. पण कुणाला शंका आली तर त्याने 'उघडा!' म्हणायचं. 'उघडा' म्हटलं की पुस्तक उघडायचंच, तिथे वय बघायचं नाही की हुद्दा. आणि जो खोटा ठरेल त्याने पुढच्या गुरुवारी शेगडीसाठी एक ओंडका आणायचा, कारण संस्कृतिभवन आम्हाला संस्कृती देत होतं, सरपण देत नव्हतं. न्यायाधीश एफ्तिमी. चष्म्याची डबी टेबलावर आपटून तो निकाल द्यायचा, आणि त्याचा निकाल कधी फिरलेला मी पाहिला नव्हता. एकदा जिल्ह्याचा कुणी सांस्कृतिक साहेब पाहुणा म्हणून आला आणि राखेच्या आरमाराची जहाजं प्रकाशाहून वेगवान आहेत म्हणाला. एफ्तिमीने डबी आपटली. "चूक. बारावी पुस्तिका. ओंडका आणा." आमच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब हसला म्हणून निभावलं. घरी जाताना मी आणि मंडळातल्याच व्हालेरने एफ्तिमीला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. "मी असं बोललो? मी?" असं वाटभर विचारत होता.

व्हालेर बोता हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. लग्नांत अकॉर्डियन वाजवायचा, उंच, देखणा, आवाज भरदार. एफ्तिमीच्या एकुलत्या मुलीचा, ओतिलियाचा, तो धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला पाण्यातून उचलून घेतलं होतं. त्या नात्याने दोघं एकमेकांना 'कुमात्रे' म्हणत. आमच्यात कुमात्रू म्हणजे सख्ख्या भावाच्या जरा वरच.

आणि याच दोघांचं जन्माचं भांडण होतं, वोर्ताकवरून.

वोर्ताक हा 'राखेचं आरमार' या मालिकेतला राजा. छोट्या छोट्या पुस्तिका, आमच्या लहानपणी टपरीवर मिळायच्या, पुढे बंद पडल्या. वोर्ताकच्या अंगाभोवती एक कवच असतं. त्यातून त्याला दिसतं सगळं, पण आत काही येत नाही. लोखंड नाही, आग नाही, आवाजही नाही. चाळिसाव्या पुस्तिकेत उपाशी लोक राजवाड्याच्या दरवाज्यावर येऊन आक्रोश करतात, आणि वोर्ताक सज्जातून बघतो. त्याला फक्त तोंडं उघडताना आणि मिटताना दिसतात. त्याला वाटतं, ते गातायत.

हे छापलेलं होतं, सरकारी शिक्क्यानिशी, आम्ही लहान होतो तेव्हाचं. पण व्हालेरला ते मान्य नव्हतं.

"नवव्या पुस्तिकेत तो वीणा ऐकतो," व्हालेर म्हणायचा. "ज्याला वीणा कळते तो बहिरा कसा असेल?"

"कवच दहाव्यात येतं, कुमात्रे! दहाव्यात!"

"मग चाळिसाव्यात छापखान्याची चूक आहे."

"छापखान्याची चूक! ऐका! अख्खं पान चुकून छापलं!"

"उघडा!" आम्ही सगळे ओरडायचो. पुस्तक उघडलं जायचं, दरवाज्याचा प्रसंग मोठ्याने वाचला जायचा, आणि व्हालेर दोन्ही हात वर करून हसत म्हणायचा, "आणतो बाबांनो, ओंडका आणतो. पण वोर्ताकला ऐकू येतं." पुढच्या वेळी पुन्हा तेच. साऱ्या मंडळात हे म्हणणारा तो एकटा. आमची शेगडी हिवाळाभर व्हालेरच्या चुकीवर जळायची.

त्या फेब्रुवारीत लास्कूने नवीन खूळ काढलं. लास्कू म्हणजे पुलांच्या कारखान्यातला इंजिनिअर, जिभेला हाड नसलेला माणूस. त्याने 'मिठाचा ग्रह' या पोलिश कादंबरीचं भाषांतर कुठूनसं मिळवलं होतं. त्यात एक प्रचंड घंटा आहे. ती वाजली की ऐकणाऱ्याचं काळीज बंद पडतं. लास्कूने प्रश्न टाकला, "वोर्ताकसमोर ही घंटा वाजवली तर?"

"काही होणार नाही," एफ्तिमी म्हणाला. "त्याला ऐकूच येत नाही."

"ऐकू येतं, आणि तो मरतो," व्हालेर म्हणाला.

मग जो काही गदारोळ झाला! लास्कू तर नुसत्या मौजेखातर खुर्चीवर चढून ओरडला, "राजा मेला! राजा मेला!" बाहेरच्या बोळातून कुणाच्या तरी बुटांचा आवाज आला आणि आम्ही एकदम गप्प झालो. मग खाली मान घालून हसलो. एफ्तिमीने डबी आपटली, राजा जिवंत ठरवला आणि व्हालेरवर ओंडका बसवला. मी घरी गेले ती खुशीत गेले, हे मला पक्कं आठवतं.

सोमवारी एफ्तिमीच्या दुकानात एक माणूस डोळे तपासायला आला. त्याने तक्त्यावरची अगदी खालची ओळ वाचून दाखवली, तीही न अडखळता. एफ्तिमी म्हणाला, "तुम्हाला चष्म्याची गरजच नाही." तो म्हणाला, "नाहीच आहे. कोट घाला, कॉम्रेड लुंगोच."

हे मला मंगळवारी कळलं. मी दवाखान्यातून सुटले तर तो फाटकाशी उभा होता, टोपी हातात, त्या थंडीत. "स्मारांदा, जरा नदीपर्यंत येतेस का ग?" म्हणाला. डॅन्यूबवर बर्फाचे तुकडे वाहत होते आणि वारा असा की शेजारच्याचं बोलणं कानात शिरायच्या आत उडून जावं. म्हणूनच त्याने ती जागा निवडली होती.

"मला कॉफी दिली त्यांनी," तो म्हणाला. "खरी कॉफी. भाजलेल्या ओट्सची नकली नाही. वास आला आणि माझी पाचावर धारण बसली. खरी कॉफी फुकट कोण देतं?"

"कोण होतं?"

"एक मेजर. शांत माणूस. आवाज चढवला नाही ग, एकदाही नाही. म्हणाला, 'तुमच्याकडे गुरुवारी एक राजा मेला म्हणे.' मी म्हटलं, 'मेला नाही, कॉम्रेड मेजर, मी तसा निकालच दिला नाही.' तो म्हणाला, 'का बरं? घंटा वाजते, राजाला ती ऐकू येते, काळीज थांबतं. सरळ तर आहे.' आणि मी..." त्याने टोपी तोंडावर धरली. "मला राहवलं नाही, स्मारांदा. मी म्हटलं, 'अहो काहीतरीच काय! कवच आवाज आत येऊ देत नाही! चाळिसावी पुस्तिका, दरवाज्याचा प्रसंग! ऐकू येतं असं तर फक्त आमचा...'"

"आमचा कोण?" मी विचारलं. आणि विचारता विचारताच मला कळलं. मी नाव घेतलं नाही. त्यानेही घेतलं नाही. आमच्या टेबलावर राजाला ऐकू येतं म्हणणारा एकच होता, आणि मेजरने ती गोष्ट अगदी त्याच्याच शब्दांत सांगितली होती, म्हणजे आमच्या बातम्या तिथे नेणाराही तोच.

"मग मेजर?"

"हसला. म्हणाला, 'आत्ता तुम्ही कुणाचं नाव घेतलं का?' मी म्हटलं, नाही. 'मलाही ऐकू आलं नाही,' म्हणाला."

वारा जरा पडला तर तो लगेच थांबला. पुन्हा सुटला तेव्हा पुढे बोलला. मेजरने म्हणे खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, राजाला प्रजेचा आक्रोश ऐकू येत नाही, हे तुम्ही दर गुरुवारी त्या तसबिरीखाली बसून सांगता? एफ्तिमी म्हणाला, ते छापलेलं आहे, शिक्का आहे त्यावर. त्यावर मेजर म्हणाला, 'छापखान्याची चूक असेल.'

"अगदी हेच शब्द," एफ्तिमी म्हणाला. "छापखान्याची चूक. मग म्हणाला, 'या गुरुवारी तुम्ही निकाल द्यायचा, राजाला सगळं ऐकू येतं. मला कळेलच.' मी उठलो तर दारापाशी म्हणतो, 'ओतिलिया यंदा मेडिकलच्या परीक्षेला बसतेय ना? हुशार आहे म्हणतात.'"

ओतिलिया त्या वेळी दिवसाचे बारा तास पाठांतर करत होती. हातमोजे घालून करत होती, कारण घरात शेगडी नव्हती. त्या परीक्षेला एका जागेमागे किती पोरं बसायची ते तिलाच ठाऊक. कुणी कागदावर नुसती एक रेघ मारली तरी सगळं पाण्यात गेलं असतं, आणि का गेलं ते कुणी सांगितलंही नसतं.

मला राग आला. त्याचाच आला, दुसऱ्या कुणावर काढायची सोय नव्हती. "मग देऊन टाक निकाल!" मी म्हटलं. "नेआ एफ्तिमी, गोष्ट आहे ती! खोटा राजा, खोटं कवच. म्हण, ऐकू येतं, आणि मोकळा हो."

"गोष्ट आहे म्हणूनच तर," तो म्हणाला. "दुकानात, सभेत, मोर्च्यात, मी सगळ्याला हो म्हणत आलोय. टाळ्या वाजवा म्हणाले, वाजवल्या. हात लाल होईपर्यंत वाजवल्या. पण त्या टेबलावर मी कधी नसलेलं आहे म्हटलं नाही." मग त्याचा चेहरा आणखीच उतरला. "आणि नुसतं तेवढंच नाही. तुझ्या लक्षात आलं का? त्याला ऐकू येतं म्हटलं की घंटाही ऐकू येणार. म्हणजे राजा मरणार! मेजरला हे कळलेलंच नाही. ऐकू येत नाही म्हटलं तर राजा बहिरा, येतं म्हटलं तर राजा मेला. दोन्हीकडून मीच अडकतो."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. मला हसू फुटलं, खरंच फुटलं, आणि त्याच क्षणी मी इतकी घाबरले की मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं, एक म्हातारा काठावर गळ टाकून बसला होता. तो म्हातारा तरी खरा मासेमारीच करतोय का, असं मनात आलं.

"आणि त्या ओंडकेवाल्याचं काय?" मी शेवटी विचारलं.

एफ्तिमीने टोपी डोक्यावर चढवली. "बाप्तिस्म्याला माझी ओतिलिया त्याच्या हातात रडली नव्हती," म्हणाला. "पाद्र्याच्या हातात रडली, माझ्या हातात रडली. त्याच्या नाही." मग म्हणाला, "त्यालाही कुणीतरी कॉफी पाजली असेल ग."

गुरुवारपर्यंत मी झोपले नाही. त्या टेबलावर मी आजवर काय काय बोलले ते आठवत पडून राहायची. तसबिरीच्या भुवयांवर विनोद केला होता तो मीच. लोण्याच्या रांगेवर गाणं रचलं होतं तेही मीच, आणि व्हालेरने त्याला तिथल्या तिथे चाल लावली होती. किती गोड चाल होती. जाऊच नये असं ठरवलं, मग वाटलं, न जाणंही कुणीतरी सांगेलच. गेले.

सगळे आले होते. एफ्तिमी आपल्या जागेवर बसला होता, डबी हातात, कोटाची सगळी बटणं लावलेली. शेगडीत जुन्या खोक्यांच्या फळ्या धुमसत होत्या. दार उघडलं आणि व्हालेर आत आला, खांद्यावर ओंडका, बीचचा, चांगला जाड, त्यावर बर्फ. "घ्या!" तो गरजला. "हरलेल्याची भेट! मी नसतो तर तुम्ही सगळे गारठून मेला असता." लोक हसले. मीही हसले. हसले नसते तर ते दिसलं असतं.

त्याने ओंडका शेगडीपाशी ठेवला, हात झटकले आणि बसता बसताच नेहमीचं म्हणाला, "पण वोर्ताकला ऐकू येतं हं, कुमात्रे."

आता नेहमी काय व्हायचं ते सगळ्यांना पाठ होतं. लास्कूने 'उघडा' म्हणायला तोंडही उघडलं होतं.

एफ्तिमीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "व्हालेर बरोबर बोलतोय," तो म्हणाला. आणि डबी आपटली. हलकेच आपटली. "वोर्ताकला ऐकू येतं. सगळं ऐकू येतं."

मग लास्कूचा चेहरा उजळला, त्या गाढवाचा. "म्हणजे घंटा ऐकू येणार!" तो ओरडला. "म्हणजे राजा मे..." आणि त्याची नजर एफ्तिमीच्या हातांवर पडली. ते टेबलावर असे कापत होते की डबीचा खडखड आवाज येत होता. लास्कूने उरलेला शब्द गिळला.

"मिठाचा ग्रह भाषांतर आहे," एफ्तिमी घाईघाईने म्हणाला. "भाषांतर प्रमाण नाही. यापुढे कुठलंच भाषांतर प्रमाण नाही. ती पुस्तकं टेबलावरून उचला." टेबलावरची निम्मी पुस्तकं भाषांतरं होती. कुणीतरी ती मुकाट्याने उचलून बाहुल्यांच्या पोशाखांखाली ठेवली. कुणी एका शब्दाने 'का' विचारलं नाही. आमच्या गावात 'का' कधी विचारायचं नाही ते लहान पोरालाही कळायचं.

व्हालेर अजून हसत होता, पण ते हसू तोंडावर नुसतं राहून गेलं होतं. "थट्टा करतोस होय?"

"नाही."

"अरे, चाळिसावी पुस्तिका! दरवाजा! तोंडं उघडतात, मिटतात. तूच तर दर वेळी वाचून दाखवतोस!"

एफ्तिमीने त्याच्याकडे पाहिलं. त्या रात्रीपर्यंत मी त्याला कुणाच्या डोळ्यांत असं सरळ बघताना पाहिलं नव्हतं, गिऱ्हाइकाच्यासुद्धा नाही. "छापखान्याची चूक," तो म्हणाला.

ते ऐकलं आणि व्हालेरचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला कळलं. कसं कळलं, किती कळलं, देव जाणे, पण त्याला कळलं, आणि त्याला कळलंय हे मला दिसलं. मला भीती वाटली की तो आता काहीतरी भयंकर करेल. त्याने केलं ते असं.

"उघडा," तो म्हणाला.

त्याचा तो भरदार आवाज कुठे गेला होता कोण जाणे. नियम होता, उघडायलाच हवं होतं. लास्कू तसबिरीखालच्या भिंतीकडे बघत होता. मी माझ्या नखांकडे.

"उघड ना, कुमात्रे," व्हालेर म्हणाला. "मी खोटा आहे. मी नेहमीच खोटा असतो, सगळ्यांना माहीत आहे. दाखव त्यांना. मी दोन ओंडके आणीन. हिवाळाभर आणीन." आणि त्याने स्वतःच चाळिसाव्या पुस्तिकेकडे हात नेला.

एफ्तिमीने त्याच्या आधी तिच्यावर तळवा ठेवला. "गरज नाही," म्हणाला. "तू जिंकलास, व्हालेर. ओंडका घरी घेऊन जा. गार आहे."

'कुमात्रे' म्हणाला नाही तो. व्हालेरने ओंडका उचलला, खांद्यावर घेतला, आणि वाकून दाराबाहेर गेला. शेगडी विझली. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो, थंडीने दात वाजत होते तरी. पहिलं उठून जायची कुणाचीच हिंमत नव्हती.

जुलैत ओतिलियाला मेडिकलला जागा मिळाली. आग्लायाने जेवण ठेवलं, कोबीच्या पानांचे सार्माले केले, कुणाच्या तरी ओळखीने डुकराचं मांस मिळवलं होतं. व्हालेर आला. धर्मबाप तो, त्याला न बोलावून कसं चालेल? आणि न बोलावण्याचं कारण काय सांगणार? एफ्तिमीने त्याला टेबलाच्या टोकाला मानाच्या जागी बसवलं, पेला भरला, 'घे कुमात्रे' म्हणाला. जेवणानंतर व्हालेरने अकॉर्डियन काढला. ओतिलिया नाचली, पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आनंदाचं. सगळे ताल धरून टाळ्या वाजवत होते. व्हालेर मान खाली घालून वाजवत होता, आणि आजवर कधी वाजवलं नव्हतं असं वाजवत होता.

मी एफ्तिमीच्या शेजारी होते. तो व्हालेरच्या बोटांकडे एकटक बघत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आज फारच छान वाजवतोय, नाही?"

"ऐकू येत नाही ग मला," तो म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत राहिला.